सात नंबरची नळी

रविवारी दुपारी ओतूरच्या घरी जेवायला बसताना यशोधराने मोबाइल ताटाशेजारी पालथा घातला. दोन घास झाले की उलटायचा, बघायचा, परत पालथा घालायचा.

"ताटावर बसल्यावर तरी राहू दे ते," आई म्हणाली. "आठवड्यातनं एकदा येतीस, आन् त्यात बी तुझं ध्यान न्हाई."

"सात नंबरची नळी वाकतीये, आई."

"कुठली?"

"करवंदवाडीची. डिंभे धरणाच्या वर, आंबेगावात."

"मग तिथं बघायला माणसं असतील की."

"माणूस हीच," वडील म्हणाले. बाजीराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त. लेकीच्या कामातलं त्यांना फारसं कळत नसे, पण ती कशाच्या मागे लागली की जेवण जात नाही, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

करवंदवाडी म्हणजे डोंगराच्या पायथ्याला दाटीवाटीने बसलेली तीसेक घरं. घरांच्या वर भाताची खाचरं, त्यांच्या वर गवताचा उभा उतार. मे महिन्यात त्या उतारात प्लॅस्टिकच्या नळ्या पुरल्या होत्या. प्रत्येक नळीच्या पोटात नखाएवढा सेन्सर. जमीन कलली की त्याला कळायचं, माती किती भिजली ते कळायचं, आणि दर पंधरा मिनिटांनी तो ते कळवायचा. सेन्सर यशोधराच्या कंपनीने बनवलेले, भोसरीत. त्यांचे संदेश पकडून पुढे पाठवायचं काम हिंजवडीतल्या दुसऱ्या कंपनीचं. तिचा डबा ओढ्यापलीकडच्या डोंगराखाली, वाडीसमोरच्या टेकाडावर, शाळेच्या छपरावर बसवला होता. एकट्या कुठल्याच कंपनीला हे जमलं नसतं म्हणून दोघी एकत्र आल्या होत्या. इथं जमलं तर घाटातल्या आणखी कितीतरी वाड्यांना असे सेन्सर लावायचे, असं ठरलं होतं. उद्घाटनाला नारळ फुटला, फोटो निघाले, वाडीतल्या चौकात खांबावर भोंगा चढला.

जूनमध्ये तो भोंगा एकदा वाजला. पहाटे, भर पावसात. सगळी वाडी ओढा ओलांडून शाळेकडे पळाली. नंतर कळलं, एका म्हशीने नळीला अंग घासलं होतं. पळताना साळुबाई नावाच्या म्हातारीचा पाय घसरला आणि हाताचं हाड मोडलं. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी बसून नियम केला : यापुढे दोघींचीही खात्री पटून दोघींनी होकार दिल्याशिवाय भोंगा वाजणार नाही.

नियम शहाणपणाचाच होता. यशोधरानेही त्या बैठकीत मान डोलावली होती.

आता सात नंबर वाकत होती. एकदम नाही, केसाएवढी, पण सारखी एकाच बाजूला, घरांच्या दिशेने. म्हशीने धक्का दिला तर आकडा उडी मारतो आणि थांबतो. हा थांबत नव्हता. आणि तिच्या शेजारच्या सहा आणि आठ नंबरच्या नळ्या शुक्रवारपासून मुक्या झाल्या होत्या. त्या बोलत्या असत्या तर ताळा घेता आला असता.

तिने ताट तसंच सरकवलं आणि सुदर्शनला फोन लावला. सुदर्शन हिंजवडीवाल्यांचा माणूस. मूळचा आणे गावचा, आळेफाट्यावर खोली घेऊन राहायचा आणि जुन्नर-आंबेगावातले कंपनीचे सगळे डबे सांभाळायचा.

"सहा आणि आठ येत नाहीयेत," ती म्हणाली.

"मला दिसतंय ना. डबा ठणठणीत आहे. बाकीच्या नळ्या येतातच की. तुमचे सेन्सर पाण्यात बसले असतील, यशोधरा."

"आमचे सेन्सर पाण्यात चालतात."

"मग सात कशी वेड्यासारखी करतीये?"

तिने फोन ठेवला. मग अंगणात गेली, पावसात उभी राहिली, आत आली, चप्पल काढली, परत घातली.

सोमवारी सकाळी दोन्ही कंपन्यांची फोनवर बैठक झाली. यशोधराची वरिष्ठ हर्षाली, हिंजवडीचे भगवंत सर, आणखी चार-पाच जण. भगवंत सरांचं म्हणणं, सेन्सरचा आकडा थंडी-उन्हाने सरकतो, त्यात पाणी गेलंय, आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. भोसरीच्या माणसांचं म्हणणं, दोन-दोन नळ्यांचे संदेशच हरवतात तर जाळं कसलं? तासभर चेंडू या अंगणातून त्या अंगणात जात राहिला. कुणी ओरडत नव्हतं. सगळे अगदी सभ्यपणे बोलत होते, आणि त्यानेच यशोधराच्या पायांना मुंग्या येत होत्या.

"गुरुवारी दोन्हीकडची एकेक टीम जाईल," शेवटी भगवंत सर म्हणाले. "तोवर इशारा नाही. परत एकदा खोटा भोंगा वाजला तर ते लोक नळ्या उपटून ओढ्यात टाकतील."

तेही खोटं नव्हतं.

बैठक संपल्यावर तिने हर्षालीला वेगळा फोन केला. "मॅडम, मी आजच जाते. ओतूरहून जवळ पडेल."

"जा. पण गावात काही बोलू नकोस, मला विचारल्याशिवाय. कळलं?"

"हो."

ती सॅक भरत होती तेवढ्यात दाराशी गाडी थांबली. सुदर्शन. अर्धवट दाढी, पायात गमबूट.

"मी पण चाललोय," तो म्हणाला. "म्हटलं, तू निघालीच असशील."

जुन्नर ओलांडून घोडेगावच्या रस्त्याला लागेपर्यंत दोघं फारसे बोलले नाहीत. पाऊस काचेवर नुसता ओतत होता. यशोधरा दर वळणाला मोबाइल बघायची. डिंभ्याच्या पुढे रेंज गेली तेव्हा सुदर्शन म्हणाला, "बरं झालं. आता जरा बाहेर बघ." पण बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं, आणि धुक्यात डोंगर कुठे आहे ते दिसत नाही, ही गोष्ट तिला आणखीच सतावत राहिली.

करवंदवाडीत रामनाथ भेटला. तो ग्रामपंचायतीचा सदस्य, वाडीचा कारभार त्याच्याकडेच. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन तो गोठ्याच्या दारात उभा होता. त्याने या दोघांना चहा विचारला नाही.

"का पावणं, परत आवाज करायला आला का?"

"नाही भाऊ," सुदर्शन म्हणाला. "दोन नळ्या बंद आहेत. बघून येतो."

"बघा. बघायला काय जातंय."

दोघं खाचरांच्या बांधावरून वर चढले. नुकतीच आवणी, भाताची लावणी, झाली होती. रोपं हिरवीगार, खाचरं काठोकाठ भरलेली. सगळ्यांत वरचं खाचर चिमाजी नावाच्या शेतकऱ्याचं. त्याच्या वरच्या अंगाला एक मोठं जांभळाचं झाड, आणि मग गवताचा उतार. पाय ठेवला की माती पायाखाली स्पंजसारखी दबायची.

सहा नंबर सापडायला वेळ लागला. नळी जिथं होती तिथं नव्हतीच. सुदर्शनने गवत बाजूला केलं तेव्हा दिसली : उताराच्या बाजूने इतकी कलली होती की तिच्या डोक्यावरची बोटभर एरियल चिखलात रुतून बसली होती. त्याने ती वर काढली, पुसली, नळी हाताने सरळ धरली. त्याच्या हातातल्या यंत्रावर लगेच आकडे आले.

"चालू आहे," तो म्हणाला. "सेन्सर चांगला आहे. बॅटरी चांगली आहे. तोंड मातीत गेलं होतं, म्हणून ऐकू येत नव्हतं."

आठ नंबरचंही तेच. तीही त्याच बाजूला कललेली.

यशोधरा तिथेच चिखलात उकिडवी बसली. भोसरीचे म्हणत होते, तुमचे संदेश हरवतात. हिंजवडीचे म्हणत होते, तुमचा सेन्सर सरकतो. संदेश खरंच हरवत होते. आकडा खरंच सरकत होता. दोन तक्रारींचं कारण एकच होतं, आणि ते या क्षणी दोघांच्या पायाखाली होतं.

"सुदर्शन, उठ. इथून बाजूला हो."

"का?"

"अख्खा उतार चाललाय."

ते बाजूच्या खडकाच्या अंगाने वर गेले, आणि जांभळाच्या वरच्या बाजूला त्यांना भेग दिसली. गवताने झाकलेली, हाताचा पंजा आडवा बसेल एवढी, उताराला आडवी, लांबवर गेलेली. त्यातून पाणी आत जात होतं, आवाज न करता. सुदर्शनने फोटो काढले. मग भेगेत कोपरापर्यंत हात घालून बघितला.

रेंज फक्त शाळेच्या टेकाडावर यायची. ओढा ओलांडून तिथं पोचेपर्यंत दोघं धापा टाकत होते. शाळेला त्या दिवशी पावसाची सुट्टी होती. व्हरांड्यात उभं राहून यशोधराने फोटो पाठवले आणि हर्षाली, भगवंत सर दोघांनाही एकत्र फोनवर घेतलं.

"भेग जुनीही असू शकते," भगवंत सर म्हणाले. त्यांचा आवाज आता सकाळसारखा ठाम नव्हता. "मी भूगर्भवाल्या तज्ज्ञाला पाठवतो फोटो. उद्या सकाळपर्यंत तो सांगेल."

"सर, उद्या सकाळपर्यंत पाऊस थांबणार आहे का?"

"यशोधरा," हर्षाली मध्येच म्हणाली. "तुझी खात्री आहे?"

"पडेल याची खात्री नाही मॅडम. सरकतोय याची आहे."

यशोधराला हर्षालीचा विचार ऐकू येत होता जणू : मोडलेला हात, उपटलेल्या नळ्या, बंद पडलेला प्रकल्प. ती वाईट बाई नव्हती. तिने या सेन्सरवर आयुष्यातली बरीच वर्षं घातली होती.

"नियम असा आहे," यशोधरा म्हणाली, "की दोन्ही कंपन्यांची खात्री पटली पाहिजे. दोन्ही कंपन्यांची माणसं इथं उभी आहेत. माझ्याकडून हो."

तिने सुदर्शनकडे पाहिलं. सुदर्शन ओल्या भिंतीकडे बघत होता. त्याचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं, आणि भगवंत सरांनीच त्याला या कामावर घेतलं होतं.

"माझ्याकडून पण हो, सर," तो म्हणाला. "मी भेगेत हात घालून बघितलाय."

वरून परवानगी यायची वाट न बघता यशोधराने फोन बंद केला. भोंगा मात्र त्यांनी वाजवला नाही. एकदा खोटा ठरलेला आवाज ऐकून कोण उठणार होतं? ते घरोघर गेले.

रामनाथने सगळं ऐकून घेतलं, मग त्याचा संताप बाहेर आला. "मागल्या बारीला बी असंच सांगितलं! तवा म्हैस निघाली. आता काय, रेडा निघल? भाताची कामं पडल्यात, गुरं हायेत, लोकं काय तुमच्या मोबाइलवर पळायला बसल्यात का?"

"भाऊ, मोबाइलवर पळू नका," सुदर्शन म्हणाला. "माझ्याबरोबर वर चला. डोळ्यांनी बघा, मग शिव्या द्या."

रामनाथ गेला. परत आला तेव्हा शिव्या देत नव्हता. त्याने पोराला हाक मारून गुरं सोडायला लावली आणि स्वतः घरोघर ओरडत सुटला.

साळुबाईचं घर सगळ्यांत वरचं, उताराला पाठ लावून बसलेलं. ती चुलीपुढे बसली होती, बरा झालेला पण वाकडा राहिलेला हात मांडीवर ठेवून. यशोधरा दारात उभी राहिली.

"आजी, शाळेत चला. डोंगर सरकतोय."

"तूच का गं ती भोंग्यावाली?"

"हो."

"माझा हात मोडला तवा कोण आलं व्हतं? एक फोन आला. लई गोड बोलली कोण बाई. फोनवर हात बरा व्हतो व्हय?"

यशोधराने पायातलं दारात काढलं. ती आत येऊन चुलीपाशी बसली. बसली आणि तिला उठावंसं वाटलं. तिचे डोळे सारखे मागच्या भिंतीकडे जात होते.

"डोंगर पडणार हाये?" म्हातारीने विचारलं.

"मला माहीत नाही आजी. खरंच माहीत नाही. कदाचित नाही पडणार, आणि तुम्ही मला परत बोलाल."

"मग आलीस कशाला?"

"मला बसवत नाही म्हणून."

साळुबाईने तिला वरून खालून न्याहाळलं. "तुझं नुसतं बूड हालतंय मघापासनं," ती म्हणाली. मग चुलीतलं लाकूड मागे ओढलं, त्यावर पाणी टाकलं. "चल. हळू चालीन मी. आन् ह्या हाताला धरू नको, दुसऱ्याला धर."

संध्याकाळपर्यंत वाडी शाळेत आली. दोन वर्गखोल्या, व्हरांडा, गुरं मागच्या बाजूला. राहिला तो चिमाजीच्या खाचराचा प्रश्न. त्या खाचरातलं पाणी खालून झिरपत होतं आणि वरचं पाणी भेगेतून आत जात होतं. उताराचं वजन घटकेघटकेला वाढत होतं. तज्ज्ञाचा निरोप तेवढ्यात आला : माणसं हलवा, आणि जमलं तर पाणी बाहेर काढा, पण स्वतःचा जीव सांभाळून.

चिमाजी पन्नाशीचा, सडसडीत, कमी बोलणारा माणूस. "बांध फोडायचा म्हंजी भात गेलं," तो म्हणाला. "आवणी करून आठवडा न्हाई झाला. माझ्या बायकोनं आन् मी दोघांनीच केलीया. माणूस मिळालं न्हाई."

त्याला काय सांगणार? रामनाथ पायाने नुसता चिखल उकरत राहिला.

"मीच फोडतो," चिमाजी शेवटी म्हणाला. "दुसऱ्यानं हात लावू नगा."

पण एकट्याचं काम नव्हतं. चिमाजी, रामनाथ आणि सुदर्शन तिघं फावडी, टिकाव घेऊन खडकाच्या अंगाने वर गेले. त्याआधी यशोधराने सहा आणि आठ नंबरला बांबू बांधून त्यांच्या एरियल उंच केल्या. सुदर्शनने डब्याची मांडणी बदलली : आता आकडे पंधरा मिनिटांऐवजी दर मिनिटाला येणार होते, आणि आकडा ठरावीक मर्यादेच्या पुढे गेला की संदेश भोसरीला, हिंजवडीला जाऊन होकाराची वाट बघणार नव्हता. डबा थेट वाडीतला भोंगा वाजवणार होता.

"हे आपल्याला कुणी करायला सांगितलं नाही," सुदर्शन म्हणाला.

"वर तू खणणार आहेस. तुझ्यासाठी भगवंत सरांना फोन लावत बसू?"

तो हसला. त्या दिवसातलं पहिलं हसू.

तिघं खणत होते तेवढा वेळ यशोधरा ओढ्याच्या अलीकडे उभी होती, सुदर्शनचं यंत्र छातीशी धरून. एक मिनिट एका जागी थांबली नाही. चार पावलं इकडे, चार तिकडे. पावसात आकडे नीट दिसेनात, ती बाही फिरवून काच पुसायची आणि बाहीच ओली असायची. शेवटी वरून रामनाथची आरोळी आली आणि खाचराच्या टोकाने लाल पाणी धो धो ओढ्यात पडायला लागलं. पाण्याबरोबर रोपंही आली. चिमाजी खाली उतरला तेव्हा त्याने ओढ्याकडे पाहिलं नाही.

मंगळवारी आकडे मंदावले. बुधवारी सकाळी सात, सहा, आठ तिन्ही जवळजवळ स्थिर. शाळेत मात्र कुणाला स्वस्थता नव्हती. पोरांनी फळ्यावर रेघोट्या मारून मारून खडू संपवले. बायकांना चुली नीट पेटेनात. म्हशी हंबरत होत्या. माणसं व्हरांड्यात यायची, समोरच्या डोंगराकडे बघायची. डोंगर जसाच्या तसा, हिरवा, ढगात डोकं घालून बसलेला.

"न्हाई पडत त्यो," कुणीतरी म्हणालं. "बाई, जाऊ का आता?"

भगवंत सरांचा निरोप आला : आकडे सपाट दिसत आहेत, लोकांना किती दिवस डांबून ठेवणार? बाजीरावांचाही फोन आला.

"नोकरीचं काय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, पप्पा."

"जेवलीस का?"

"हो," ती खोटं बोलली.

यशोधराला वाटलं, आपणच चुकलो. मग वाटलं, चुकलो असलो तर किती चांगलं. मग चिमाजी दिसला, भिंतीला टेकून बसलेला, आणि तेही वाटेनासं झालं. ती व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. साळुबाई म्हणाली, "पोरी, फरशी झिजंल."

"आजचा दिवस थांबा," तिने सगळ्यांना सांगितलं. "एवढाच."

बरेच थांबले. पण दुपारी रामनाथ आणि आणखी दोघं वैरण आणायला वाडीत गेलेच. गुरांना काय सांगणार, थांबा म्हणून?

ते गोठ्यात असतानाच भोंगा वाजला.

यशोधराने यंत्राकडे पाहिलं. सात नंबरचा आकडा उडाला होता आणि लगेच सात नंबर गेली होती. मग सहा. मग आठ. व्हरांड्यातून सगळी वाडी ओरडत होती, नावं घेऊन. खाली तीन माणसं घरांमधून पळताना दिसली. एकाच्या डोक्यावर अजून वैरणीचा भारा होता, त्याने तो ओढ्याच्या काठाशी टाकला.

मग डोंगराचा तो तुकडा सुटला. आवाज गडगडाटासारखा नव्हता. खोल, जड, कुणी मोठं पोतं ओढत न्यावं तसा. जांभळाचं झाड उभंच्या उभं खाली यायला लागलं. पडलं नाही, वाकलं नाही, जागा सोडून चालत आल्यासारखं आलं. चिमाजीचं खाचर त्याच्याखाली गेलं. खालची दोन खाचरं गेली. साळुबाईच्या घराची मागची भिंत आत ढकलली गेली, छप्पर एका बाजूला बसलं. आणि तिथं ते सगळं थांबलं. माती थरथरत राहिली, पाणी वाहत राहिलं, पण माती पुढे आली नाही.

रामनाथ ओढा ओलांडून वर आला आणि शाळेच्या पायरीवर बसला. त्याच्या बायकोने त्याच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला आणि मग रडायला लागली.

माणूस एकही गेलं नाही. रामनाथची एक कालवड शाळेमागून सुटून वरच्या खाचराकडे चरायला गेली होती, तेवढी गेली.

दुसऱ्या दिवशी सरकारी गाड्या आल्या, तज्ज्ञ आले, हर्षाली स्वतः भोसरीहून आली आणि भगवंत सरही. दोघं चिखलात उभे राहून बराच वेळ त्या उभ्या जांभळाकडे बघत होते. दोन्ही कंपन्यांनी मिळून एक निवेदन काढलं, त्यात दोघींचं नाव सारख्या मोठ्या अक्षरात होतं. यशोधराला कुणी काढून टाकलं नाही. हर्षालीने एवढंच म्हटलं, "मला विचारलं नाहीस," आणि थोड्या वेळाने, "बरं केलंस." भगवंत सरांनी सुदर्शनला सांगितलं, डब्याची मांडणी कशी बदललीस ते लिहून दे, भोंगा यापुढे सगळीकडे तसाच वाजेल. मग खालच्या आवाजात म्हणाले, "म्हशीचं काय करायचं ते बघू. कुंपण घालू."

पण यशोधराला चिमाजीला भेटायचं होतं. तो शाळेच्या मागे गुरांपाशी उभा होता.

"एक इचारू?" तो म्हणाला. "पाणी सोडलं नसतं तर समदी वाडी गेली असती?"

तिने हाच प्रश्न सकाळी दोन तज्ज्ञांना विचारला होता. एक म्हणाला, नक्की. वजन जास्त असतं, घरांवरून पुढे आलं असतं. दुसरा म्हणाला, सांगता येत नाही, कदाचित इथेच थांबलं असतं.

"एक साहेब म्हणतात, गेली असती. दुसरे म्हणतात, सांगता येत नाही."

"आन् तू काय म्हणतीस?"

"मला वाटतं, गेली असती. पण काका, ते मला वाटतं. मला माहीत नाही."

चिमाजीने मान हलवली. रागाने की कबुलीने, तिला कळलं नाही. "खाचर तसं बी गेलंच असतं मग," तो म्हणाला. "माझ्या हातानं गेलं, एवढंच." आणि तो म्हशीला पाणी दाखवायला वळला.

साळुबाई व्हरांड्यात पोरांच्या घोळक्यात बसून भाकरी खात होती. तिने यशोधरालाही अर्धी दिली, आणि यशोधराने ती उभ्याउभ्याच खाल्ली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिला भूक कळली.

निघायच्या वेळी रामनाथ गाडीपाशी आला. त्याने सुदर्शनच्या खांद्यावर हात ठेवला. मग शाळेकडे वळून बघत म्हणाला, "एक सांगा राव. आमाला हितं आणलंत. घरं नीट व्हईस्तोवर आमी हितंच ऱ्हाणार. ह्या शाळंच्या वर जो डोंगर हाये, त्याला किती नळ्या लावल्यात?"

सुदर्शनने यशोधराकडे पाहिलं.

एकही नव्हती. मे महिन्यात नकाशावर रेघ मारताना शाळा सुरक्षित बाजूला धरली होती. कुणी काढली होती ती रेघ, तिला आठवेना. कदाचित तिच्याच समोर.

व्हरांड्यात पोरं खेळत होती. त्यांच्या मागे छप्पर, छपराच्या मागे गवत, गवताच्या वर ढग. तिकडे वर काय आहे ते दिसत नव्हतं.

"गाडीत किती आहेत?" तिने विचारलं.

"चार. त्यातली एक फुटकी आहे."

"तीन काढ."

सुदर्शनने गाडी बंद केली. रामनाथने काही न विचारता शाळेच्या भिंतीला टेकवलेली पहार उचलली आणि पुढे चालायला लागला. पावसाची सर परत आली. यशोधरा नळ्या काखेत धरून त्याच्या मागे चढायला लागली, भराभर, जणू कुणी मागून हाका मारतंय.